बिनधुराचा मुक्काम

दि. ११ जानेवारी २००८

चि. सत्यजीत यास आईचा आशीर्वाद.

इकडं सगळी खुशाल हायत, असं पहिल्या ओळीत लिहायची रीत हाय म्हणून लिहिते. खरं किती आन् खोटं किती ते पुढं तूच बघ.

बेंगलोरला थंडी असती का न्हाई मला ठाऊक न्हाई. इकडं यंदा कडाक्याची पडलीया. हुरडा भरात आलाय. तांबडीला कालवड झाली, तिच्या कपाळावर पांढरा ठिपका हाय असं होडीवाला भैरू म्हणला. देवळाचा कळस कुणाच्या हातनं चढवायचा ह्यावरनं गावात दोन पार्ट्या पडल्यात आन् कळस अजून पोत्यातच हाय. तुझ्या आबांची तब्येत चांगली हाय. आवाज तर लईच चांगला हाय, नदीपल्याड ऐकू येतो.

तू म्हणशील, फोन असताना आई पत्र का लिहिती. बाबा रे, मोबाईल आबांच्या खिशात. घरातला फोन बैठकीत, आन् बैठकीत सकाळधरनं माणसं. तिथनं मी तुला काय सांगणार, जेवलास का आन् झोपलास का? पत्राचं एक बरं असतं. मधी कुणी 'आण हिकडं' म्हणून हातातनं ओढून घेत न्हाई.

आता पलीकडच्या रानाचं सांगते. तुला सगळं ठाऊक हाय, तरी मी पहिल्यापासनं लिहिणार हाय, कारण माणसं लवकर इसरतात. भीमेच्या अलीकडं शिरूर तालुक्यात आपलं घर. पलीकडं दौंड तालुक्यात ते रान, माझ्या बापानं मला चोळीबांगडीसाठी दिलेलं. तू सज्ञान झालास तवा मीच हौसेनं त्याला तुझं नाव लावलं. सगळ्या गावाला पेढं वाटलं. तुला आठवत असंल, तूच वाटत फिरला व्हतास.

कॉलेज सुटल्यावर तू तिथं पाचटाच्या छपराच्या झोपड्या बांधल्यास. मला म्हणलास, "आई, शहरातली माणसं धुराला विटल्यात. त्यांना केडगावला रेल्वेनं उतरवायचं, तिथनं सायकलीवर न्हाईतर बैलगाडीत आणायचं. मोटार न्हाई, जनरेटर न्हाई, पंखा बी न्हाई. उन्हावर तापलेलं पाणी, गोबरगॅसवरचा चहा, माठातलं पाणी. त्यांच्या येण्याराहण्यानं वरचं आभाळ जरा बी जास्त तापलं न्हाई पायजे." मी कपाळाला हात लावला. म्हणलं, पोरगं शिकून येडं झालं. पैसं देऊन घाम गाळायला कोण येणार हाय?

आन् आली की रं माणसं! तू व्हतास तवर तू बघितलंसच, पण तू जूनमधी नोकरीला गेल्यावर बी ती थांबली न्हाईत. पुण्याची एक डॉक्टरीण तीनदा आली. आली की मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवायची आन् बांधावर बसून राहायची. एकदा म्हणली, "काकू, इथं मला माझा श्वास ऐकू येतो." भागुबाई तवा भाकरी थापत व्हती. ती म्हणली, "आमाला तर इतकी वर्षं सासूचं घोरणंच ऐकू यायचं, डॉक्टरीणबाई!" ती बाई हसून हसून लोळली. पलीकडच्या बुद्धवस्तीतली भागुबाई आपल्याकडं कामाला हाय असं आबा सांगतात, ते खरं न्हाई. ती माझ्या बरोबरीची हाय. चूल एक, परात एक, आन् आलेल्या माणसांनी भाकरीचं कौतुक केलं की आमी दोघी एकमेकीकडं बघतो.

सत्या, लग्न करून आले तवापासनं मी कुणाची तरी सून, कुणाची बायको, कुणाची आई. त्या रानात मला पहिल्यांदा कुणी इचारलं, "साखरकाकू, उद्या काय करायचं?" मी सांगायची आन् माणसं ऐकायची. आता तू म्हणशील, एवढंच? व्हय बाबा, एवढंच.

तर दिवाळीच्या आधी ती परदेशी बाई आली. तुला आबांनी फोनवर सांगितलंच असंल, पण त्यांनी त्यांचं सांगितलं. आता माझं ऐक.

पुण्याच्या त्या सहलीच्या कंपनीतली अनघाताई, तूच तिची ओळख करून दिली व्हतीस. तिनं कळवलं का डेन्मार्कहून इंगाबाई म्हणून एक वयस्कर बाई येतीया. तिकडं अशी माणसं तयार झाल्यात जी कुठं बी जायच्या आधी तिथं जायला-राहायला किती धूर व्हतो त्येचा हिशेब करतात. त्यांना इकडं धाडायचं का न्हाई, ते ही बाई बघून ठरवणार. तिला पटलं तर वर्षभर पाव्हणं. भागुबाई म्हणली, "इमानातनं येती आन् बैलगाडीत पाप धुती व्हय!" मी म्हणलं, धुऊ दे, आपल्या गाडीत धुती न्हवं.

झोपड्या सारवल्या. बैलांची शिंगं रंगवली. गाडीत कडबा टाकून वर गोधडी घातली. आन् आबांनी इचारलं, "कशात आणणार हायस त्या बाईला?" मी सांगितलं. ते उठूनच उभं राहिलं.

"परदेशातली पाव्हणी आन् तू बैलगाडी धाडतीस? सोसायटीचा माजी चेअरमन हाय मी! लोक म्हणतील, पाटलाच्या घरात ड्यायझेलला पैसं न्हाईत."

"अवो, तिला तेच पायजे. मोटार नको म्हणून तिनं लिहून धाडलंय."

"नको म्हणणारच. पाव्हणा कवा 'वाढा' म्हणतो का? पाव्हणा ताटावर हात आडवा धरतो, तवा आपण त्येच्या हातावरनं पोळी वाढायची असती. तुला पन्नाशीत आता हे शिकवायचं का?"

 मला वाटलं, बोलून झालं, इषय संपला. इथंच मी फसले बघ. माझ्या माघारी त्यांनी तीन जीपगाड्या पुलावरनं वळसा घालून केडगाव ठेसनावर धाडल्या. पुढं हलगीवाले. स्वतः फेटा बांधून हजर. बैलगाडी घेऊन आपला गाडीवान पोपट तिथं उभा, तर त्येला म्हणले, "तू सामान आण."

इंगाबाई रेल्वेतनं उतरली आन् हे सगळं बघून जागच्या जागी थांबली. अनघाताई सांगत व्हती, तिनं हात जोडून इचारलं, मी चालत येऊ का? आबांना वाटलं, बाई लाजली. त्यांनी मोठ्या मानानं तिच्या हाताला धरून तिला जीपमधी बसवलं. ती बसली. काय करंल बिचारी? तीन जीपा, हलगी, गुलाल, आन् धुरळा उडवत वरात झोपड्यांवर आली.

तिथं आणखी कहर. मी ठेसनाकडं डोळं लावून बसलेली, आन् नदीकडच्या अंगानं ह्यांच्या माणसांनी जनरेटर आणून उतरवला. ट्यूबलायटी. कूलर. बर्फात घातलेल्या पाण्याच्या बाटल्या. जनरेटर सुरू झाला तशी नदीवरची सगळी पाखरं उठली, ती परत बसलीच न्हाईत. ती बाई पाखरं बघायलाच आली व्हती. तिनं माझ्या हातची भाकरी खाल्ली, ठेचा खाल्ला, डोळ्यातनं पाणी आलं तरी खाल्ला. पण नजर सारखी खाली. माझ्याशी बोलायला गेली तर जनरेटरच्या आवाजात तिच्यासंगटच्या दुभाष्याला ऐकू जाईना.

जाताना अनघाताईनं माझा हात धरला. "काकू, तुमचं काही चुकलं नाही. पण मी आमच्या प्रवाशांना काय सांगू? हे लोक ज्याच्यापासून पळून येतात, तेच इथं त्यांच्या स्वागताला उभं होतं."

आन् आबा? आबा त्या दिवशी जेवताना पोरासारखं खूश व्हते. म्हणले, "बघितलंस, बाईचं तोंडच बंद झालं! एवढा मान तिला तिच्या देशात बी कुणी दिला नसंल." सत्या, माणूस वाईट असता तर बरं झालं असतं रं. मला भांडता आलं असतं. ह्या माणसानं माझ्या पाव्हणीला जीव लावला आन् माझा संसार मोडला. आता कुणाच्या नावानं बोटं मोडू?

मग कंपनीचं कळलं, यंदा जमत न्हाई. आबांना ते लई लागलं. "एवढं करून नाक मुरडतात? आपल्या दारचा मान घेऊन आपल्यालाच नाव ठेवतात? मग त्यांची गरजच न्हाई. आपलं आपण करू." काय करू, तर लॉन. लग्नाचं लॉन, मोटारी लावायला मुरूम टाकून जागा, जनरेटरला खोली, डीजे. झोपड्या पाडून.

मी न्हाई म्हणले. आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत न्हाई म्हणले. ते म्हणले, "एवढा पुळका आला असंल तर ऱ्हा मग तिकडंच."

तर मी राहिले.

आता तुला खोटं कशाला सांगू. तांबडीची कालवड मी बघितलेली न्हाई. मी घरात न्हाई. दिवाळीपासनं मी झोपडीतच राहते. बाईमाणूस रुसून माहेरी जातं, मी माझ्या रानात आले. गावात काय बोलतात ते मी लिहीत न्हाई, तुला झोप यायची न्हाई. आबा न्यायला आलं न्हाईत. मातर होडीवाल्या भैरूच्या हाती चहापत्ती, साखर, एकदा घोंगडं धाडलं. "कुणी दिलं सांगू नको" म्हणून त्येला बजावतात, आन् भैरू होडीतनं उतरायच्या आधीच सांगून मोकळा व्हतो. घोंगडं मी वापरते. रागात बी थंडी वाजतीच.

भागुबाई सोबतीला असती. तिचा पोरगा सतीश कारेगावच्या कंपनीतनं सुटी मिळाली का सायकल मारत येऊन छपराचं पाचट नीट करून जातो.

आता नीट वाच. अनघाताईला मी भागुबाईच्या लेकीकडनं, गौतमीकडनं, फोन लावून घेतला. रडले मी फोनवर, लाज सोडून. तुझ्यापुढं असं रडायचं नव्हतं, म्हणून तुला पत्र. तिला दया आली का काय कुणास ठाऊक, पण म्हणली, जानेवारीच्या अखेरीला मी स्वतः चार प्रवासी घेऊन येते, कुणाला सांगू नका. गाडीबैल आन् तुम्ही, बाकी काही नको. ते राहून गेले आणि त्यांना आवडलं, की वर्षभर माणसं धाडते. एवढी एकच संधी हाय.

आन् आबांचा जेसीबी संक्रांतीनंतर येणार हाय.

रान तुझ्या नावावर हाय. तुझा शब्द चालतो. आबा गावात सांगत फिरतात, सत्याचं बी हेच म्हणणं हाय. मी सगळ्यांना ठणकावून सांगितलंय, माझ्या पोरानं ह्या झोपड्यांच्या भिंतींना स्वतःच्या हातानं माती लावलीया, त्यो असं म्हणणार न्हाई. तू तसं म्हणालास का, हे मी तुला इचारत न्हाई. इचारायची गरजच न्हाई मला.

तू फक्त ये. रजा मिळत नसंल तर आबांना फोन करून एवढंच म्हण, "महिनाभर थांबा." तेवढं बास हाय. त्यांना बी मनातनं कुणीतरी थांबवायला पायजे हाय, पण बायकोचं ऐकून थांबायची त्यांना चोरी. पोराचं ऐकून थांबता येतं. मी तुझ्याकडं कवा काय मागितलं न्हाई. आता पदर पसरते, असं समज.

येताना रेल्वेनं ये. बैलगाडी धाडते.

तुझ्या शब्दावर बसलेली,
तुझी आई



दि. ३ फेब्रुवारी २००८

चि. सत्यजीत यास आशीर्वाद.

मागचं पत्र मिळालं असंल. न्हाई मिळालं तरी आता काय बिघडत न्हाई.

थंडी ओसरली. कळस चढला एकदाचा. दोन्ही पार्ट्यांनी दोन बाजूंनी हात लावला, आधी भांडली आन् मग एका पंगतीत जेवली. सतीश कंपनीत कायम झाला. भागुबाईनं वस्तीत साखर वाटली. तांबडीची कालवड मी आता बघितली. कपाळावर ठिपका हाय खरा, पण मधोमध न्हाई, जरा डाव्या अंगाला हाय. भैरूला काय नीट बघता येत न्हाई.

म्हंजी मी घरी हाय, हे तुझ्या ध्यानात आलं असंल.

जेसीबी आला त्या दिवशीचं आबांनी तुला काय सांगितलं मला ठाऊक न्हाई. बहुतेक काय सांगितलं नसंल. घरात बी त्यावर कुणी बोलत न्हाई. मी बी लिहिणार नव्हते. पण कुणालातरी सांगितल्याबिगर जेवण जाईना झालंय, आन् सांगायला माझं तुझ्याशिवाय हाय तरी कोण?

सकाळीच त्यो आला, पुलाकडनं. मागं आबांची जीप, मागं गावातली रिकामी माणसं. मी आन् भागुबाई मधल्या झोपडीच्या दारात परात घेऊन बसलो, पीठ मळत. ड्रायव्हर बिहारकडचा व्हता. खाली उतरून हात जोडून म्हणला, "माताजी, हट जाइए ना, मेरी नौकरी है." भागुबाई म्हणली, "हमारी भी है बाबा. बैठ, भाकरी खाके जा." त्यो बिचारा खरंच चाकाला टेकून बसला.

आबा पुढं आलं. "ऊठ. लोक बघत्यात."

"बघू द्यात की. तुम्हीच आणलीत ना बघायला?"

"साखरे, हट्ट सोड. रान सत्याचं हाय. त्येला मंजूर हाय."

मी म्हणलं, "खोटं!" किती मोठ्यानं म्हणलं ते मला भैरूनं नंतर सांगितलं, त्येला म्हणं होडीत ऐकू आलं. "लावा त्येला फोन. लावा! त्येच्या तोंडनं ऐकू द्या सगळ्यांना. मोठ्या आवाजावर लावा!"

आबांनी फोन बाहेर काढला आन् परत खिशात ठेवला. म्हणले, "राहू दे. कशाला?" बारीक आवाजात म्हणले. त्यांचा असला आवाज मी कवा ऐकला नव्हता. तवाच मला कळायला पायजे व्हतं रं. त्यो माणूस मला वाचवत व्हता. आन् मला वाटलं, खोटं उघडं पडंल म्हणून घाबरला. मी तर चेवच धरला. भागुबाई माझा हात दाबत व्हती, "जाऊ द्या अक्का." मी कुणाचं ऐकते? माझं पोरगं बोलणार व्हतं!

लावला फोन. तू उचललास.

आबा म्हणले, "सत्या, पलीकडच्या रानाचं इचारायचं व्हतं." पुढं 'आई हितंच हाय' असं ते म्हणणार तवर तूच बोललास. मला शब्दन् शब्द पाठ हाय. "आबा, मी मीटिंगमध्ये आहे. किती वेळा सांगू, तुम्हाला करायचं ते करा. आईला काय कळतंय त्यातलं? मी नोकरीला चाललो तेव्हा तिला काहीतरी उद्योग पाहिजे होता, म्हणून दिला तिच्या गळ्यात."

एवढंच. तू फोन ठेवलास. तुला कामं असतात.

कुणी हसलं न्हाई. हसली असती तर बरं वाटलं असतं. सगळी आपापल्या पायाकडं बघत उभी. आबा ड्रायव्हरला म्हणले, "ने रं गाडी परत. उद्या बघू."

मी उठले सत्या. नवऱ्यानं ऊठ म्हणलं तवा उठले न्हाई, यंत्र अंगावर आलं असतं तरी उठले नसते. हाताचं पीठ झटकलं आन् ड्रायव्हरला म्हणलं, "परत कशाला? पाड. ज्याचं रान हाय त्यानं सांगितलं की आता." आबा म्हणले, "अगं थांब." मी म्हणलं, "पाडा!" भागुबाईनं परात उचलली. मग त्यानं पाडल्या. मातीच्या भिंती, किती वेळ लागतोय.

आता दुसरी गोष्ट. ही पहिलीपेक्षा वाईट हाय.

अनघाताईला मी कळवलं न्हाई. आज कळवू, उद्या कळवू, करता करता दिवस निघून गेलं.  आन् ठरल्याप्रमाणं ती चार माणसं घेऊन केडगावला उतरली. पोपट न्यायला आला न्हाई, तर म्हणं एवढ्या उन्हात ती सगळी चालत आली. कुणी कुरकुर केली न्हाई. वाटंत ऊस खाल्ला, पाटात पाय धुतलं, हसत खिदळत आली. मी त्या दिवशी राहिलेलं बांबू गोळा करायला पलीकडं गेले व्हते. लांबनं ती दिसली, पाठीवर पिशव्या, डोक्याला रुमाल बांधलेलं.

मी उसात शिरले.

पाव्हणं दारात आलं आन् मी लपून बसले. माझ्या आईनं घरात मूठभर पीठ नसताना पाव्हण्याला परत धाडलं न्हाई. तिची लेक मी, तोंडावर पदर धरून उसाच्या सरीत बसले. त्या माणसांचं बोलणं सगळं ऐकू येत व्हतं. एक कोवळी पोरगी इचारत व्हती, "साखरकाकू कुठं आहेत? मी त्यांच्यासाठीच आलेय." तिनं दोन-तीनदा हाक बी मारली. पाचट अंगाला टोचत व्हतं, पण हलले न्हाई. आवाज येईल म्हणून नाक बी ओढलं न्हाई.

भागुबाई धावत आली. "काकू आजारी हायत," म्हणली, आन् सगळ्यांना वस्तीवर आपल्या घरी घेऊन गेली. तिच्या अंगणात ती राहिली, तिच्या हातचं जेवली. पंखा न्हाई, काय न्हाई. खूश झाली म्हणं. अनघाताई भागुबाईला म्हणली, यंदा तुमच्याकडंच माणसं धाडते. भागुबाई रोज नदी ओलांडून येती आन् मला म्हणती, "चला अक्का, चूल माझ्या दारात मांडू. तुमच्याबिगर मला हुरूप न्हाई." आबा बी परवा म्हणले, "जा की. मी काय अडवतोय का?" त्यांचं लॉन तसंच पडलंय. त्या बाजूला ते फिरकत बी न्हाईत.

मला जाववत न्हाई. भाकरी थापायला बसले की हातातलं पीठ तसंच राहतं आन् कानात तुझं बोलणं सुरू व्हतं. आईला काय कळतंय. खरंच काय कळतंय मला? ती माणसं येत व्हती, आवडलं म्हणत व्हती, ते बी तूच त्यांना सांगून ठेवलं व्हतं का? 'माझ्या आईचं मन राखा' म्हणून? डॉक्टरीण बी? माझं डोकं आता असंच चालतं. चांगलं आठवायला गेलं तर त्येच्यात बी तुझा हात दिसतो.

तू दोनदा फोन केलास. आबांनी सांगितलं, आई न्हाणीत हाय. मी न्हाणीत नव्हते. दाराआडच व्हते.

तुझ्यावर रागवायचं म्हणते, पण ते बी जमत न्हाई. त्या दिवशी तू दमलेला असशील, साहेब पुढं बसला असंल, असं माझं मीच घोळवत बसते. भागुबाई म्हणती, सोडा त्येचा नाद. तिला म्हणावं काय, पोटचा हाय.

म्हणून एक मागते. मागं मागितलं तसं मोठं न्हाई. तू मला चार ओळी लिहून धाड, की त्या दिवशी तू बोललास ते तुझ्या मनात नव्हतं. फोनवर सांगू नकोस, फोनवर आवाजात खरंखोटं कळतं. कागदावर लिही. खोटं असलं तरी चालंल. चांगलं नीट, पटंल असं खोटं लिही, तू शिकलेला हायस. मी ते खरं धरून चालीन आन् उद्या भागुबाईच्या दारात जाऊन चुलीपुढं बसीन.

पोष्टमन दुपारचा येतो. मी ओट्यावरच असते.

तुझी आई